सव्वा महिन्यात बाळंतिणीकडे कोण बघतं?

(देऊळघाट, ता. बुलढाणा इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागपर्यंत आवाज येतोय ना? नसेल येत तर हात वर करा, लाजू नका. पुढच्या सतरंजीवर जागा आहे, लेकरं घेऊन उभ्या आहेत त्यांनी आधी बसून घ्या. पुरुष मंडळी मागे भिंतीला टेकून बसलीत, बसू द्या. पण मधूनच उठून जायचं नाही, कारण शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे.

आजचा विषय बाळंतिणीची काळजी. गंमत अशी की हा विषय समोर बसलेल्या आज्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी तीसेक वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, उपकेंद्रावर राहिले, गावोगाव फिरले, आता निवृत्त आहे. पण डिंक कसा तळला म्हणजे फुलतो, बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ कसं घालायचं, धुरीत ओवा किती आणि वावडिंग किती, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी शिकवलं नाही. ते मी घरात शिकले. त्यामुळे जुनं सगळं चुकीचं असं सांगायला मी आलेली नाही. आणि जुनं सगळं शास्त्रीयच होतं, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, असंही सांगणार नाही. मोबाईलवर तसं सांगणारे पुष्कळ आहेत.

देऊळघाटात बोलायला मला आवडतं त्याला कारण आहे. पैनगंगेकाठच्या या गावात एका गल्लीत सव्वा महिना पाळतात आणि पलीकडच्या गल्लीत चिल्ला. एकीकडे पाचवी पुजतात, पाटा-वरवंटा मांडतात, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणून रात्र जागवतात. दुसरीकडे छट्टी असते, अकीका असतो. इकडे डिंक-मेथीचे लाडू, तिकडे हरीरा आणि अछवानी. नावं वेगळी, डबे वेगळे, पण डब्यात बघितलं तर ओवा, सुंठ, सुकामेवा, गूळ आणि तूप दोन्हीकडे तेच. आणि मुदतही जवळजवळ तीच. सव्वा महिना म्हणजे तीस दिवस अधिक साडेसात, अडतीस धरा. चिल्ला म्हणजे चाळीस. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेची, म्हणजे बाळंतिणीची, मुदत दीड महिना सांगितली आहे. मेक्सिकोत चाळीस दिवस पाळतात, चीनमध्ये त्याला ‘महिना बसणं’ म्हणतात. आजचं वैद्यकशास्त्र काय म्हणतं? सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस. एकमेकांना कधी न भेटलेले लोक एवढे जवळजवळच्या आकड्यावर येतात, तेव्हा समजायचं की हा आकडा बाईच्या शरीरातूनच आलेला आहे.

कसा आला, ते सांगते. बाळ बाहेर आलं, वार पडली, की घरातले म्हणतात, सुटली बिचारी. पण शरीराचं काम तिथं अर्धंच झालेलं असतं. त्या दिवशी गर्भपिशवी साधारण एक किलो वजनाची असते. ती आकसत आकसत सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर यायची असते. वार जिथं चिकटलेली होती तिथं आत तळहाताएवढी जखम उघडी असते. एवढी जखम तुमच्या हाताला झाली असती तर तुम्ही हात गळ्यात बांधून महिनाभर मिरवला असता. (हशा) ही आत असते, दिसत नाही. ती भरत येते तसा अंगावरून जाणाऱ्या स्रावाचा रंग बदलत जातो. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरा. दहा-बारा दिवसांनी लाल कमी व्हायला हवा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे बाळंतिणीनं आराम करायचा, जड उचलायचं नाही, घरातल्या बाकीच्या बायांनी तिचं काम वाटून घ्यायचं, यात परंपरेनं अगदी नेमकी गोष्ट धरली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतसुद्धा त्यातलीच. सासरी सून आजारी पडली तरी तिला चुलीसमोर बसावंसं वाटतं, कोणी सांगो न सांगो. माहेरी ती दुपारी झोपू शकते. एवढ्यासाठीच ती रीत आहे असं मला वाटतं, बाकीचं नंतर चिकटलं.

आता खाण्याकडे येऊ. यावर मी जरा रेंगाळणार, कारण मला स्वतःला लाडू आवडतात. (हशा) अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं २०२० चं प्रमाण आहे. सहाशे कॅलरी म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीच्या मोठ्या दोन भाकरी समजा. गरोदर असताना लागत होतं त्याहूनही हे जास्त आहे. आता नव्या आईची अवस्था आठवा. बाळ रडतं म्हणून ताटावरून उठते, परत येते तर ताट गार झालेलं, भूक मेलेली. रात्री दोन वाजता बाळ पिऊन झोपतं आणि हिच्या पोटात खड्डा पडतो. त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन कोण भाकर मागणार? तिथं लाडवाचा डबा कामाला येतो. खारीक, खोबरं, डिंक, गोडंबी, खसखस, गूळ, तूप असा सगळा दणकट ऐवज एका मुठीत मावतो, टिकतो, आणि मुख्य म्हणजे डबा तिच्या उशाशी असतो. तिला कोणाला विचारावं लागत नाही. सुनेच्या मालकीचा घरातला पहिला डबा हा असतो, असं माझी एक जुनी शेजारीण म्हणायची.

पण लाडवाला औषध समजू नका. अळिवात लोह आहे, खरं आहे. लाडवात अळीव किती, चमचाभर. बाळंतपणात जेवढं रक्त जातं, आणि आधीच ज्या बायांच्या अंगात रक्त कमी असतं, त्याची भरपाई त्या चमच्यानं होत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक घ्यायच्या असतात, आणि कॅल्शियमच्या रोज दोन, सहा महिने. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. चहाबरोबर तर लोह नकोच. घरोघरी मी बघत आले, गोळ्यांची पाकिटं देवळीत तशीच पडलेली आणि लाडवाचा डबा रिकामा. दोन्ही रिकामं व्हायला पाहिजे.

पथ्याचं मात्र मला पटत नाही. वरण नको, वातूळ आहे. पालेभाजी नको, बाळाला हगवण लागेल. फळ नको, सर्दी होईल. केळी नको, दही नको. मग राहतं काय? तूप-भात आणि लसणाचं तिखट. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी तोडणं. “पानी नोको पिऊ माय, पोट सुटते.” हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल! पाणी प्यायल्यानं पोट सुटत नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू आहेत, ते हळूहळू आवळतात. पाणी तोडलं की संडासला कडक होतं, टाक्यांवर जोर येतो, लघवीला जळजळ होते. बाई पाजायला बसली की तिच्या घशाला कोरड पडते, तुम्ही सगळ्याजणींनी अनुभवलं आहे. शरीर पाणी मागतंय आणि आपण तांब्या लपवतोय. बाळाला पाजायला बसवताना तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवा. सुंठ-ओव्याचं कोमट पाणी द्यायचं असेल तर तसं द्या, काही बिघडत नाही.

शेक-शेगडीचं बघू. बाळंतिणीला ऊब पाहिजे, बाळाला तर पाहिजेच. पण रीत कुठल्या हवेत चाललीय तेही बघायला नको का? डिसेंबरात बुलढाण्याच्या थंडीत बाजेखाली निखारे ठेवणं एक वेळ समजू शकते. मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसला टेकलेला, पत्र्याची खोली, खिडकीला पोतं लावलेलं, बाळंतिणीच्या कानाला फडकं, आणि खाली शेगडी! मी आत गेले की मलाच भोवळ यायची. कोळसा बंद खोलीत जळला की विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस जातो. शेकायचं असेल तर जागेपणी, दार उघडं ठेवून, थोडा वेळ. शेगडी ठेवून झोपायचं नाही, हे एवढं पाळा. बाळाच्या नाकात धूर जाईल अशी धुरी नको.

बाळाबद्दल आज मी मुद्दाम कमी बोलणार आहे, कारण बाळाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. एका दमात सांगते. चीक पिळून टाकायचा नाही, ते पहिलं घट्ट दूध तासाभरात बाळाच्या तोंडात गेलं पाहिजे. मध चाटवायचा नाही, गुटी नाही, सहा महिने वरचं पाणीही नाही. बेंबीला काही लावायचं नाही. डोळ्यांत काजळ घालायचं नाही. झालं.

आता मला आज खरं जे सांगायचं आहे तिथं येते. जुन्या रीतीत एक गोष्ट होती जिच्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही. सुईण. बाळंतपण करून ती निघून जात नसे. पुढचे दहा-बारा दिवस, काही घरी महिनाभर, ती रोज सकाळी यायची. तेल कोमट करायची, बाळंतिणीला पालथं-उताणं करून चोळायची, ऊन-ऊन पाणी अंगावर घालायची, पोट बांधायची. आपण म्हणतो मालिश. पण विचार करा, रोज एक अनुभवी बाई त्या पोरीचं सगळं अंग हातानं बघत होती. पोटावर हात ठेवला की पिशवी किती खाली गेली ते तिला कळायचं. छातीत गाठ झाली तर हाताला लागायची. अंग तापलंय की नाही ते थर्मामीटरशिवाय समजायचं. आणि बाळंतिणीची कापडं धुवायला तीच न्यायची, म्हणजे किती जातंय, वास येतोय का, हेही तिलाच पहिल्यांदा दिसायचं. तिच्याजवळ उपाय फार नव्हते, हे खरं. तिच्या हातून नुकसानही झालेलं आहे, हात न धुता, गंजका विळा वापरून. धनुर्वातानं किती बाळं गेली त्याची गणती नाही. सटवाईच्या रात्री जागत बसायची रीत त्या भीतीतूनच आली असावी, हा माझा आपला अंदाज, कारण धनुर्वात साधारण त्याच दिवसांत दिसायचा. लसीमुळे तो हटला. २०१५ साली भारतात नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. पण सुईणीकडे रोजची नजर होती, हे विसरायचं नाही.

आता बाळंतपण दवाखान्यात होतं. होऊ द्या, तिथंच झालं पाहिजे, त्यानं असंख्य आया वाचल्या. पण सुईण गेली, आणि तिच्याबरोबर ती रोजची नजर गेली. मालिशवाली आजही येते, पण बाळासाठी. बाळंतिणीला म्हणतात, तुझी तू आंघोळ करून घे. पाणी तोडणं राहिलं, खिडकीला पोतं राहिलं, बाहेर पडायची बंदी राहिली. आईकडे बघणारा हात मात्र राहिला नाही.

माझ्यावर बेतलेलं सांगते. मी तेव्हा वीस वर्षांची, नोकरी लागायच्या आधीची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, घरीच झालं. दहा दिवस सोयर, त्यामुळे मी आतल्या खोलीत, फारसं कोणी शिवायला यायचं नाही. अकराव्या दिवशी घर सारवलं. बाराव्या दिवशी बारसं. सकाळपासून मला लाल जात होतं, पहिल्या दिवसासारखं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, घाण आहे, जाऊ दे, जेवढी जाईल तेवढी चांगली. तिनं काही वाईट मनानं नाही सांगितलं, तिला तसंच शिकवलेलं. बाहेर पाळणा सजवलेला, बाया गाणी म्हणतायत, माझं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. मी आत तिसरं लुगडं भिजवलं होतं. मला आठवतं, गाणी लांब लांब जात होती आणि मला खूप थंडी वाजत होती. माझी बारा-तेरा वर्षांची चुलत बहीण घुगऱ्या द्यायला आत आली आणि तिनं बाजेखाली बघितलं. ती ओरडली म्हणून मी आज इथं उभी आहे. जीप मिळाली, दवाखान्यात नेलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. वारेचा एक तुकडा आत राहिला होता.

त्या घरात त्या दिवशी चाळीस बाया होत्या हो. चाळीस! त्यातल्या प्रत्येकीनं बाळाला बघितलं होतं.

(थोडा वेळ शांतता)

पुढे नोकरीत मला कळलं की माझं काही जगावेगळं नव्हतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५-९६ मध्ये ३९ गावांत बाळंतिणींच्या घरी जाऊन नोंदी केल्या. ७७२ बाया होत्या. बाळंतपणात किंवा त्यानंतर काही ना काही त्रास झालेल्या निम्म्याहून जास्त निघाल्या. आणि त्यातही बाळंत होताना झालेला त्रास १८ टक्क्यांच्या आसपास, तर बाळंत झाल्यानंतर घरात झालेला त्रास ४३ टक्क्यांच्या आसपास. छातीचे त्रास, उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, पिशवीत जंतू होणं. हे सगळं सव्वा महिन्याच्या पडद्याआड. आपल्या भाषेत शब्दही आहे, बाळंतरोग. पण तो रोग आहे, भोग नाही, हे आपल्याला उशिरा कळलं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, मूल दहा दिवसांत गेलं, हे तुम्हाला माहीत असेल. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या प्रसूतीच्या जुन्या शास्त्राचाच. सोसून झाल्यावर त्या बाईनं तो अभ्यासाला घेतला, त्याचं मला फार वाटतं.

तर कशाकडे बघायचं? तासाभरात एक जाड कापड किंवा पॅड पूर्ण भिजलं, किंवा मोठ्या गाठी पडल्या, तर ती घाण नाही, ते रक्त आहे, गाडी बोलवा. कमी झालेलं लाल परत वाढलं तरी तेच. थंडी वाजून ताप, स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं, हे ‘दूध उतरतंय’ म्हणून सोडून द्यायचं नाही. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायाला झटके, हा रक्तदाबाचा प्रकार असतो, आणि तो बाळ झाल्यानंतरही होतो. गरोदरपणी रक्तदाब नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा एकदम दम लागणं, छातीत दुखणं, यात थांबायचंच नाही. झटके आले तर लोक कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, त्यात अर्धा तास जातो. १०८ ला फोन लावा, कांदा गाडीत हुंगवा. (हशा)

आराम म्हणजे पडून राहणंही नाही. घरातल्या घरात चालायचं, पहिल्या दिवसापासून. सतत आडवं राहिलं की पायात रक्ताची गाठ होते. पाण्याचा हंडा उचलायचा नाही, पण अंगणात फिरायला कोणाची हरकत?

मनाचंही बोलते, कारण त्याला आपण नाव देत नाही. पहिले आठ-दहा दिवस उगीच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि जातं. पण दोन आठवडे झाले तरी बाई बोलत नाही, बाळाला जवळ घेत नाही, झोप उडालीय, मरायचं बोलते, किंवा भलतंच काही दिसतं-ऐकू येतं म्हणते, तर हवा लागली, बाहेरचं झालं असं आपण ठरवून टाकतो. आपल्या जिल्ह्यात सैलानी आहे, लोक श्रद्धेनं जातात, मी कोणाला अडवलेलं नाही. मी एवढंच म्हणते, आधी डॉक्टर, मग सैलानी. शेवटच्या दोन प्रकारात तर बाईला आणि बाळाला एकटं सोडायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना. हा आजार बरा होतो.

आता एक कागदाची गोष्ट, जी कंटाळवाणी वाटेल पण तिच्यावाचून माणसं जातात. आशाताईंनी बाळंतपणानंतर घरी भेटी द्यायच्या असतात. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही. पण नाव नोंदवलेलं असतं सासरच्या गावात, आणि बाळंतीण असते माहेरी. सासरची आशा म्हणते ती इथं नाही. माहेरच्या आशाच्या यादीत ती नाहीच. मधल्या मध्ये सहा भेटी गेल्या. तेव्हा माहेरी आणताना बाळंतविड्याच्या आधी ते माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत टाका, आणि पोचल्या दिवशी गावातल्या आशाताईला निरोप द्या. आशा आली की बाळाचं वजन करून ती उठायला लागते, बिचारीला दहा घरं असतात. तिला थांबवा. म्हणा, ताई, आईचं पण बघा.

आणि हा सगळा सव्वा महिना कोणाला मिळतो, हेही बोललं पाहिजे. कंपनीची नोकरी असलेल्या बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आणि सीतादही झाली, कापूस फुटला, की वेचणी किलोवर असते. जी बाई शेतात गेली नाही तिला त्या दिवशी शून्य. मी पंधराव्या दिवशी वेचणीला गेलेल्या बाया पाहिल्यात, बाळ धुऱ्यावर झोळीत. त्यांना परंपरा माहीत नव्हती असं नाही. परवडत नव्हती. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. ते पुरेसे नाहीत, हे मी माइकवर सांगते. पण ते हक्काचे आहेत, ते आईच्या खात्यात येतात, आणि ते पाळण्याच्या सजावटीला नाहीत.

बरं, आता प्रश्न घेऊ. तिकडून हात वर आहे.

(एक तरुण श्रोता : सिझेरियन झालेल्या बाईनं पोट बांधायचं का? आणि मालिश?)

पहिल्या दिवसांत टाक्यांवर दाब नको. डॉक्टर सांगतील तेव्हा पोटाला आधार म्हणून मऊ पट्टा किंवा सुती लुगडं बांधा, आवळून नाही; श्वास घेताना त्रास झाला म्हणजे जास्त आवळलं. पोट सोडून हात, पाठ, खांदे यांना तेल लावायला हरकत नाही. टाक्यांवर तेल, हळद, राख, काही नाही.

(मागून एक गृहस्थ : मॅडम, आम्ही बाहेरच्या खोलीत असतो. आम्हाला कोणी आत येऊ देत नाही. आम्ही काय करायचं?)

बरं विचारलंत. रोज रात्री दारातून तरी दोन प्रश्न विचारा. आज कापड किती वेळा बदललं, आणि डोकं दुखतं का. सुरुवातीला ती लाजेल, चौथ्या दिवशी स्वतःहून सांगेल. ती माहेरी असेल तर फोनवर विचारा; बाळ कसं आहे हे नंतर. आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, ते बाळंतपणाच्या आधी ठरवून ठेवा.

(एक आजी : बाई, माह्या हातानं मी पन्नास बायांची मालिश केली. आता कोणी बोलावत नाही. सुना म्हणतात, डॉक्टरनं नोको सांगितलं.)

आजी, डॉक्टरनं नको सांगितलं ते टाक्यांवर, आणि बाळाच्या टाळूवर जोर द्यायला. तुमच्या हाताला कोणी नको म्हटलेलं नाही. हात साबणानं धुवा, नखं कापा, बांगड्या वर सरकवा, आणि जा. मी सुनांना सांगते, बोलवा म्हणून. तेल लावताना तिला विचारत राहा, कुठं दुखतं, किती जातं. छाती दगडासारखी लागली तर शेकून बाळाला पाजायला बसवा, ताप असेल तर दवाखान्यात पाठवा. आणि पाय चोळायच्या आधी दोन्ही पोटऱ्या नीट बघा. एक दुसरीपेक्षा सुजलेली, गरम लागली, तर त्या पायाला हात लावू नका, चोळू नका, घरातल्यांना हाक मारा आणि गाडी बोलवायला लावा.